पुराच्या काठावरचं घर: उंच करावं, विमा काढावा की सोडून द्यावं?

न्हंयकाठ

नमस्कार मंडळी. गोव्यात गांजे गावी म्हादई नदीच्या काठाला लागून आमचं घर आहे. पुढचा भाग आजोबांनी जांभ्याच्या चिऱ्यांत बांधलेला, मागचं स्वयंपाकघर आणि कोठी त्याहून जुनी, मातीच्या भिंतींची. २३ जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा चिऱ्यांचा भाग टिकला. मातीची भिंत पुरात नाही पडली, पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी बसली. त्या पुराला मुख्यमंत्र्यांनी १९८२ नंतरचा सर्वात मोठा पूर म्हटलं होतं. आईला ८२ चा पूर आठवतो. तेव्हा पाणी तुळशीपर्यंत येऊन परतलं होतं, ह्या वेळी बलकांवाच्या सोप्यावर, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर चढलं.

भिंत परत उभी केली, वायरिंग बदललं. पण तेव्हापासून दर आषाढात आईची झोप उडते. भाऊ मुंबईला असतो, तो म्हणतो विकून मोकळे व्हा. आई ऐकायला तयार नाही. मिस्त्री म्हणतो, अंगणात भराव घाला आणि जोतं तीन फूट उचला. बँकेत ओळखीच्या बाई आहेत, त्या म्हणतात विमा काढा. प्रत्येकाचं ऐकताना पटतं, पण पैसे यातल्या एकाच गोष्टीला पुरतील. नदीकाठी किंवा खाजनाजवळ घर असलेल्यांनी काय केलं, काय कामाला आलं, ते कृपया सविस्तर लिहा.

साळकार

ताई, मी साळचा. आमच्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणाचं पाणी सुटलं आणि शापोरा नदीला पूर आला. साळ, इब्रामपूर, हणखणे, सगळे काठचे गाव पाण्यात. २०२१ ला पुन्हा तेच. म्हणून माझा पहिला प्रश्न असा की तुमच्या दारात पाणी चढायला किती वेळ लागला? पाणी किती उंच आलं हे सगळे सांगतात. किती वेळात आलं हे कुणी लिहून ठेवत नाही, आणि माणसं आणि गुरं वाचतात ती त्या वेळावर.

आमच्या वाड्यावर वरच्या गावातल्या लोकांशी फोनची साखळी ठरलेली आहे. धरणाचे दरवाजे उघडणार हे सरकारी निरोपातून कळतंच, पण वरच्या वाड्यातला माणूस "पाणी मळ्यात शिरलं" म्हणतो तेव्हा आपण हलतो. आधी गुरांची दावी सोडायची, मग गॅसचा सिलिंडर काढून वर बांधायचा. सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि नळी तुटते, हे पुष्कळांना माहीत नसतं. मग मीटरचा मेन स्विच बंद. कपाटं आणि फ्रीज वाचवायला शेवटी वेळ उरला तर.

रात्री दोन वाजता आईला एकटीने हे जमेल का, एवढं बघा. जमत नसेल तर बाकी कशाच्याही आधी तेच सोडवायला हवं.

आषाढसरी

वाचतेय. एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण "पन्नास वर्षांत एकदा येतो असा पूर, तो येऊन गेला" हे वाक्य मी गोव्यात खूप ऐकते.

शंभर वर्षांतून एकदाचा पूर म्हणजे शंभर वर्षं निश्चिंती नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का, इतकाच त्याचा अर्थ. तीस वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर त्या तीस वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते, म्हणजे चारात एक. आणि हे गणित हवामान बदलत नाही असं धरून आहे. हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यासाठी लागणारी वाफ तापलेल्या अरबी समुद्रावरून येते, आणि तो समुद्र आपल्या दारात आहे.

वर्षभराचा एकूण पाऊस बघून काही कळत नाही. आपल्याकडे वर्तमानपत्रं इंचांत मोजतात, वाळपई इतके इंच, सांगे इतके इंच. घराला धोका त्यातले किती इंच एका रात्रीत पडले त्याचा. काणकोणात २ ऑक्टोबर २००९ ला जे झालं ते पावसाळा संपत आलेला असताना झालं.

काणकोणची

हो. गांधी जयंतीची सुट्टी होती. तळपण आणि गालजीबागच्या नद्या काही तासांत चढल्या, डोंगरही खचले. आमच्याकडे तेव्हापासून नवरात्र झाल्याशिवाय कौलांवरचं प्लास्टिक काढत नाहीत आणि व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला काही ठेवत नाहीत. ताई, सप्टेंबर संपला म्हणून सामान खाली उतरवू नका एवढंच सांगेन.

चिरेबंदी

मी बांधकामाच्या धंद्यात आहे, बहुतेक जुनी घरं दुरुस्त करतो. मातीची भिंत पाणी असताना का पडली नाही आणि नंतर का पडली, ते आधी सांगतो, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पूर असताना भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाणी असतं, दाब सारखा. पाणी उतरलं की आतून भिजलेला तळ मऊ राहतो आणि वरचं कौलारू वजन तसंच. म्हणून पाणी ओसरल्यानंतरचे दोन-तीन दिवस मातीच्या घरात झोपायचं नाही. परत बांधताना खालचे निदान तीन-चार फूट चिऱ्यांत घ्या, माती हवीच असेल तर त्याच्या वर. आणि चिऱ्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. चिरा पाणी पितो, त्याला ते परत सोडायलाही वाट हवी. चुन्याचा गिलावा ते सोडू देतो. सिमेंटच्या आत ओल अडकते आणि पुढच्या वर्षी पापुद्रे सुटतात.

आता कंपाउंड. काठाला बंद चिऱ्यांची कंपाउंड भिंत असेल तर ती आधी पाणी अडवते आणि मग एकदम कोसळते. आत लोंढा येतो तो नदीचा नसतो, त्या भिंतीमागे तुंबलेला असतो. तळाशी ठराविक अंतरावर भोकं ठेवा, किंवा खालचा भाग जाळीचा करा. दारं-खिडक्यांना फळ्या आणि वाळूची पोती लावून पाणी बाहेर ठेवायचं ते एक-दीड फुटापर्यंत ठीक. त्याहून जास्त पाणी बाहेर आणि आत कोरडं, अशा वेळी भिंतच आत येते. अशा पुरात पाणी घरात येऊ द्यावं लागतं, आणि येऊन गेल्यावर घर लवकर वाळेल असं बांधावं लागतं. प्लायवुडची कपाटं गेली म्हणजे गेली. सिमेंटचे कप्पे धुऊन पुन्हा वापरता येतात.

विजेचे बोर्ड २०२१ च्या खुणेच्या वर दोन फूट न्या. तळमजल्याचं सर्किट वेगळं ठेवा म्हणजे तेवढंच बंद करता येईल. इन्व्हर्टर माळ्यावर. संडासाच्या टाकीच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, कारण पुरात टाकीतली घाण उलटी घरात येते, आणि ती नदीच्या चिखलापेक्षा वाईट.

जोतं तीन फूट उचला हे मिस्त्रीने कशावरून सांगितलं? पाणी सोप्यावर किती चढलं होतं ते मोजलंय का? मिस्त्रीकडे पारदर्शक लेव्हलची नळी असते. पुराची खूण एखाद्या झाडावर किंवा भिंतीवर राहिली असेल तिथून त्या नळीने जोत्यापर्यंत, विहिरीच्या कठड्यापर्यंत, रस्त्यापर्यंत उंची घ्या. अर्ध्या दिवसाचं काम. ते झाल्याशिवाय तीन फूट की पाच फूट, यावर बोलण्यात अर्थ नाही.

मानशीकडचा

चिरेबंदी बाब, तुमचं घराचं सगळं मान्य. "अंगणात भराव घाला" हा जो मिस्त्रीचा सल्ला आहे, त्यावर मात्र मला बोलायचंय.

मी तिसवाडीतला, आमची शेती खाजनात. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याखाली गेली असती अशी जमीन, बांध घालून पूर्वजांनी मिळवलेली. बांधात मानस असते, म्हणजे पाणी सोडायची लाकडी दारांची मोरी. भरती आली की नदीच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. म्हणजे दिवसातून दोनदा निचरा होतो आणि दोनदा थांबतो. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की दारं मिटलेली राहतात आणि पाऊस आतच साठतो. साठायला जागा असावी म्हणूनच आत पोंय, म्हणजे पाण्याचं तळं, ठेवलेली असते, सखल शेतं मोकळी असतात. ती भरली तरी चालायचं, भरण्यासाठीच होती.

आता त्या शेतांत भराव टाकून बंगले आले. भरतीची वेळ तीच आणि पाऊस वाढलेला, पण साठायची जागा गेली. मग ते पाणी जुन्या वाड्यांत, शंभर वर्षांत कधी न भिजलेल्या घरांत जातं. जगभरात समुद्राची पातळी १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे २० सेंटीमीटर वाढली असं आंतरसरकारी हवामान मंडळाचा (आयपीसीसी) अहवाल सांगतो. वीस सेंटीमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण मानशीच्या दारावर तो दर सुकतीला कमी झालेला वेळ असतो. दारं उशिरा उघडतात, लवकर मिटतात.

गांजे खाजनात नाही, ठाऊक आहे. पण मांडवीत, म्हणजे तुमच्याच म्हादईत, भरतीचा परिणाम थेट गांज्यापर्यंत, मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत पोचतो. पावसाळ्यात नदीच्या जोरापुढे तुम्हाला तो दिसत नसेल, तरी खाली खाडीत पाणी रेंगाळलं की वरचं पाणी उतरायला वेळ लागतो. तुमच्या घरातला चिखल आणि आमची मानस एकाच नदीवर आहेत, ताई.

म्हणून हात जोडून सांगतो, अंगणात भराव घालू नका. तुम्ही तीन फूट उचललं की पाणी शेजाऱ्याकडे जाणार, मग तो चार फूट उचलणार. उंच करायचंच तर खांबांवर करा, खालून पाणी जाऊ द्या. शिवाय सखल जमीन परवानगीशिवाय भरायला आणि डोंगर कापायला नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७ अ ने बंदी आहे. ती बंदी धाब्यावर बसवून राज्यभर काय चाललंय ते आपण रोज बघतो, आणि मला त्याचा संताप येतो. कारण त्या प्रत्येक टिपर मातीची किंमत दुसऱ्याच कुणाच्या स्वयंपाकघरात वसूल होते.

चिरेबंदी

भरावाबद्दल तुमचं बरोबर. खांबांचा खर्च जास्त येतो एवढं खरं, आणि जुनं चिऱ्यांचं घर खांबांवर उचलणं जवळजवळ अशक्य. म्हणजे ताईंना जुन्या घराचं जोतं उचलण्याचा मार्ग तसा नाहीच, नवीन बांधलं तरच.

ताळगावकर

मी फ्लॅटवाला, चौथ्या मजल्यावर, त्यामुळे इतके दिवस हा विषय माझा नाही असंच वाटायचं. गेल्या काही पावसाळ्यांत पार्किंगमध्ये पाणी साचतं, मीटरची खोली तळाला आहे, पाण्याचा पंप तळाला, लिफ्ट बंद. घर कोरडं, पण घरात राहता येत नाही. आता पणजीच्या बाजूला दुसरा फ्लॅट बघतोय. घेताना काय तपासावं?

मानशीकडचा

एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा उतारा काढा आणि क्षेत्राच्या रकान्यांत खाजन, खेर की मोरड, शेतजमिनीचा कोणता प्रकार लिहिलाय ते बघा. इमारतीखालची जमीन एकेकाळी खाजन असेल तर पाण्याला ते माहीत आहे, जमीन रूपांतराची सनद कितीही रीतसर असो. सर्व्हेच्या जुन्या नकाशावर व्हाळ कुठून जात होता ते बघा आणि आज तो कुठे गेला ते शेजारच्या जुन्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. सांतिनेजचा नाला आणि पणजीतला मळा नावाचा भाग यांबद्दल तर पणजीत कुणालाही विचारा. आणि फ्लॅट बघायला एप्रिलमध्ये जाऊ नका, जुलैत उधाणाच्या दिवशी भरतीच्या वेळी जा.

पंचनामा

मी विमा क्षेत्रातून निवृत्त. नुकसानीची पाहणी करण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे विम्याबद्दल नीट लिहितो.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना "भारत गृह रक्षा" ही एकाच मसुद्याची पॉलिसी द्यायला लावली आहे. आग, भूकंप, वादळ, पूर, पाणी साचणं, दरड हे सगळं त्यात मुळातच येतं. पुरासाठी वेगळे पैसे भरून कलम घ्यावं लागत नाही. रक्कम ठरते ती घर पुन्हा बांधायच्या खर्चावर. जमिनीची किंमत त्यात धरायची नाही, लोक ती धरतात आणि मग हप्ता जास्त वाटतो. घराच्या विम्याच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत सामानाचं संरक्षण वस्तूंची यादी न देता मिळतं. घर राहण्याजोगं नसेल त्या काळातल्या भाड्याचीही तरतूद आहे. आणि विमा थोडा कमी रकमेचा निघाला म्हणून दाव्यात त्या प्रमाणात काटछाट करायची, ही जुनी पद्धत या पॉलिसीत नाही.

फॉर्म भरताना मागचा भाग मातीचा आहे हे स्पष्ट लिहा. हप्ता थोडा वाढला तरी चालेल. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी बाहेर येतेच. आणि बँकेतल्या बाईंना विचारा की त्या देताहेत तो विमा नक्की घराचा का. कर्जासोबत जो चिकटवला जातो तो पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा असतो. मी असे कुटुंबप्रमुख पाहिलेत की चिखलात उभे राहून कागद दाखवतात आणि तो कागद भिंतीसाठी नसतोच. त्यांना ते सांगणं फार जड जायचं.

सरकारी मदतीच्या भरवशावर राहू नका. केंद्राच्या आपत्ती निधीचे २०२२ ते २०२६ चे निकष बघा: सपाट भागात घर पूर्ण गेलं तर १ लाख २० हजार, पक्क्या घराचं अंशतः नुकसान झालं, तेही किमान १५ टक्के, तर ६,५०० रुपये. ती मदत आहे, भरपाई नव्हे. पण अर्ज मात्र करायचा. तलाठ्याचा पंचनामा झाल्याशिवाय काही फेकू नका, खराब झालेली गादीसुद्धा नाही. पाण्याची रेघ भिंतीवर दिसते तोवर फोटो काढा. कंपनीला त्याच दिवशी कळवा. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल, एक-चौदा यांच्या प्रती मोबाइलवर आणि गावाबाहेरच्या एका नातेवाइकाकडे ठेवा.

आंब्याखाली

पंचनामा काका, आम्ही मुंडकार. जमीन भाटकाराची (जमीनमालकाची), घर आमचं. आम्हाला विमा मिळेल का?

पंचनामा

घरात तुमचं हित आहे हे दाखवता आलं पाहिजे. १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली मामलेदाराकडे नोंदणी झाली असेल तर त्या आदेशाची प्रत, नसेल तर निदान घरपट्टीची पावती तुमच्या नावावर हवी. नोंदणी राहिली असेल तर ती आधी करून घ्या, पूर येऊन गेल्यावर घराचा पुरावा गोळा करणं फार कठीण जातं. आणि फक्त सामानाचा विमाही निघतो, त्याला जमिनीचे कागद लागत नाहीत.

साळकार

विहिरीबद्दल कुणी लिहिलं नाही. पुराचं पाणी विहिरीत गेलं असेल तर उपसल्याशिवाय आणि ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय पिऊ नका. आरोग्य केंद्रातून माणसं येतात, त्यांना बोलवा. चिखल काढताना पायात गमबूट घाला, लेप्टोच्या तापाची (लेप्टोस्पायरोसिस) भीती असते. आणि चिखल ओला असतानाच काढा, वाळला की खरवडावा लागतो.

न्हंयकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मधल्या काळात झालेलं सांगते.

चिरेबंदी बाब म्हणाले तसं नळीने मोजलं. पुराची खूण गोठ्याच्या खांबावर राहिली होती. सोपा त्या खुणेच्या जेमतेम दोन फूट खाली आहे, पण मातीचं स्वयंपाकघर पाच फुटांहून जास्त. आणि आमच्याच जमिनीचा रस्त्याकडचा भाग, जिथे सुपारी आणि केळी आहेत, तो त्या खुणेच्या बराच वर आहे. इतकी वर्षं राहून हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण उतार इतका सावकाश आहे की चालताना कळत नाही.

भावाशी बोलले. त्यालाही विकून टाकण्यापेक्षा हे पटलं: वरच्या भागात आईसाठी दोन खोल्या आणि संडास, खांबांवर नको, साधं जोतं पुरेल. मागचा मातीचा भाग उतरवायचा आणि तिथे उघडी पडवी ठेवायची, पाणी येईल आणि जाईल. पुढचं चिऱ्यांचं घर आहे तसं, बोर्ड वर नेऊन, विमा काढून. पावसाळ्याचे चार महिने आई वर झोपेल. आई म्हणाली की स्वयंपाक मात्र खालीच करणार. तेवढं आम्ही मान्य केलं.

अंगणात भराव घालत नाही. शेजारच्या काकींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, त्यांनाही मिस्त्रीने तेच सुचवलं होतं आणि त्या माती मागवणारच होत्या. आता दोघी मिळून पुढच्या ग्रामसभेत व्हाळाच्या तोंडाचा गाळ काढायचा विषय मांडतोय. २०२१ ला पाणी आधी तिथूनच उलटं आत आलं होतं.

एकच अडचण: वरचा भाग एक-चौदात बागायत आहे. दोन खोल्यांसाठी सनद लागेल का?

चिरेबंदी

लागेल. आधी नगर नियोजन खात्यातून झोनिंगचा दाखला घ्या, जागा वस्ती क्षेत्रात येते का ते त्यात कळेल. येत असेल तर जेवढं लागतं तेवढ्याच क्षेत्राची सनद मागा, सगळी बाग रूपांतरित करू नका. माड, सुपारी तोडावी लागणार नाही अशी जागा आखा. खालच्या भागाची दुरुस्ती वेगळी दाखवून पंचायतीची परवानगी आताच मागा, दोन्ही अर्ज एकत्र केले की एकासाठी दुसरं अडतं. नळीने घेतलेल्या उंचीचा कागद दोन्ही अर्जांना जोडा. आणि गोठ्याच्या खांबावरची ती खूण छिन्नीने कोरून घ्या, पुढच्या रंगकामात जाईल.

मानशीकडचा

ग्रामसभेची तारीख कळली की इथे टाका. गाळ काढायचा ठराव कसा लिहायचा त्याचा आमच्या गावचा नमुना माझ्याकडे आहे. जलस्रोत खात्याला कोणत्या शब्दांत लिहिलं की ते जागेवर पाहणीला येतात हे आम्ही बऱ्याच खटपटीने शिकलो. व्हाळाचा सर्व्हे क्रमांक आणि पुलाखालच्या मोरीचे फोटो तयार ठेवा.